खोट्या इंजिनातला लाल दिवा

...आणि बसायला दिलंय ते हे बघा, मागे टेकलं की पाठीत स्क्रू घुसतो, आणि कागदावर याचं नाव काय, तर 'चालकाचं आसन'. नाही नाही, तुम्ही बसा त्या बाकावर निवांत, माझं झालं की तुमचाच नंबर आहे, आणि माझं काही इतक्यात होत नाही. समोरचा दिवा कुठला ते दिसतंय ना? मी त्याच्याकडे बघतच बोलणार हं, मान वळवली की गुण कापतात, त्यामुळे तुम्हाला माझी पाठच बघावी लागणार, राग मानू नका, घरचेसुद्धा गेले चार महिने पाठच बघतायत...

एक मिनिट. टिंग वाजलं. पेडल दाबायचं, हात पुढे करायचा, बोट दिव्यावर रोखायचं आणि खणखणीत सांगायचं.

सिग्नल लाल.

कुणाला सांगायचं? विचारलं होतं मी. म्हटलं, "साहेब, केबिनमध्ये मी एकटी, मग हे ओरडून सांगायचं कुणाला?" तर इथे शिकवणारे आमचे साहेब आपले नाकात बोलत, "स्वतःला सांगायचं, मॅडम. माणूस बघतो एक आणि समजतो भलतंच. तोंडाने बोललं की डोक्यात शिरतं." आता हे कुणी सांगावं, तर ज्यांना रोज स्वतःचा चष्मा डोक्यावर आहे हे शिपायाने सांगावं लागतं त्यांनी. पण नियम बरोबर आहे हो, खऱ्या गाडीतही असंच करतात, दर सिग्नलला बोट आणि आवाज. लाल असला तर दर टिंगला. टिंग चुकलं की गाडी आपोआप ब्रेक मारते, कारण तिला वाटतं ड्रायव्हर मेला. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली, घरात मी जिवंत आहे की नाही हे दर मिनिटाला कुणी विचारलं नाही, ते हे खोटं इंजिन विचारतं.

हे लोक याला सिम्युलेटर म्हणतात. मी खोटं इंजिन म्हणते. तिन्ही बाजूंनी पत्रा, काचेच्या जागी पडदा, पडद्यावर रूळ खोटे, झाडं खोटी, तो खांब खोटा. खऱ्या म्हणाल तर इथे दोनच गोष्टी, एक मी आणि दुसरा हा स्क्रू.

तुम्हाला सांगते, मला ड्रायव्हर लोकांबद्दल कधीच प्रेम नव्हतं. मी नऊ वर्षं स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत काढली. गाडी उशिरा आणणार हा ड्रायव्हर, आणि लोक भांडणार कुणाशी, तर खिडकीतल्या बाईशी! "ओ बाई, झोपा काढता काय? गाडी कुठाय?" जशी काही मी ती पदराखाली लपवली आहे. आणि पलीकडून हे महाशय डबा हलवत, शीळ घालत प्लॅटफॉर्मवरून जाणार. मी म्हणायचे, एवढा रुबाब कशाचा? गाडीला स्टिअरिंगसुद्धा नाही. वळवायची नाही, गल्लीबोळात घालायची नाही, रूळ नेतील तिकडे निमूट जायचं, यात कसलं आलंय कसब? आमच्या ह्यांनाही जमेल, ते बिचारे सगळीकडे असेच जातात...

टिंग. सिग्नल लाल.

मग एके दिवशी माझ्या खिडकीशेजारी एक यंत्र आणून उभं केलं. बटण दाबा, गाडीची वेळ कळेल. आणि लोकांना ते वापरायला शिकवायला कुणाला नेमलं असेल? मला. तीन महिने मी तिथे उभं राहून माणसांना शिकवलं, की बघा, मला विचारू नका, याला विचारा. इतकं छान शिकवलं की चौथ्या महिन्यात मला कुणी विचारेना आणि साहेबलोकांनी खिडकीला फळी ठोकली. वर प्रशस्तिपत्र दिलं.

पस्तिसावं लागायला पाच महिने होते, आणि शिकाऊ चालकाच्या अर्जाला पस्तिसाची अट. मी अर्ज टाकला. खोटं कशाला बोलू, हौस म्हणून नाही टाकला. रागाने टाकला. घरी सांगितलं तर आमचे हे चहाचा कप तसाच हातात धरून, "अगं, पण तुला साधी सायकल येत नाही." म्हटलं, "रेल्वेला तोल सांभाळावा लागत नाही." नणंदबाई तर पोट धरून हसल्या, "वहिनी, रिव्हर्स घेताना मागे कोण बघणार हो?" सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की येताना भाजी आणता येईल का. ही आमची घरची माणसं. दोन खोल्यांत आम्ही सहाजण.

म्हणूनच मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं ना, "इंजिनात तासन्‌तास एकटं बसावं लागतं. एकटेपणाची भीती वाटते का?" तेव्हा मी म्हटलं, "साहेब, कधीपासून देताय तेवढं सांगा."

मुलाखतीच्या आधी डोळे तपासले. डॉक्टर लोकरीचे धागे दाखवत होता. हा कुठला? लाल. हा? हिरवा. हा? म्हटलं, डाळिंबी. तो थबकला. हा? मोरपंखी. हा? हा जरा विटका राखाडी, धुण्यात गेलेला. डॉक्टर चिडला, "बाई, लाल, पिवळा, हिरवा, तीनच रंग असतात गाडीत." ज्यांना रंग दिसत नाहीत ते नापास होतात, मी जास्त दिसतात म्हणून नापास होणार होते. शेवटी त्याने शेरा लिहिला, 'दृष्टी ठीक, बोलणं अधिक.' वाचला मी उलटा. खिडकीत नऊ वर्षं बसलेल्या माणसाला समोरच्याचा कागद उलटा वाचता येतो, यांना वाटलं काय.

टिंग. थांबा... सिग्नल लाल.

कंटाळलात? कंटाळा, कंटाळा, पण चेहऱ्यावर दाखवू नका. कारण आता सांगते ते नीट ऐका, यावर तुमची नोकरी आहे. आणि माझीही आहे, कारण मला मिळालंय ते निवडीचं पत्र कच्चं आहे, आज इथे पास झाले तरच पक्कं. नापास झाले तर परत जायला खिडकी नाही. फळी आहे.

तर शेवटची परीक्षा याच खोलीत झाली. तेव्हा हे मोठं खोटं इंजिन नव्हतं, दहा टेबलं, दहा पडदे, सगळे एका मुख्य संगणकाला जोडलेले. आम्ही दहाजण. त्याच चष्मावाल्या साहेबांनी सांगितलं, वीस मिनिटांची परीक्षा, गाडी चालवा, सिग्नल पाळा, आणि स्वतः गेले चहाला. यांच्या चहाचं तुम्हाला सांगते, परीक्षा सुरू केली की यांना चहा लागतो, आणि परीक्षा संपली की लागतो, मधल्या वेळात यांची शुद्ध कुठे हरपते देव जाणे. आम्ही निघालो. दहाव्या मिनिटाला दहाच्या दहा पडद्यांवर सिग्नल लाल. थांबलो. एक मिनिट झालं, पाच झाली, दहा झाली, दिवा आपला लालच.

माझ्या उजव्या हाताला एक बसचा ड्रायव्हर होता, सगळा वेळ त्याचे हात हवेत स्टिअरिंग शोधत होते. त्याने हॉर्न वाजवला. पडद्यावरच्या खोट्या खांबाला हॉर्न! मग त्याने सरळ गाडी काढायला बघितली, म्हणाला, "सिग्नल खराब आहे, मी ओळखतो असले सिग्नल." त्याच्या मागचा एक चुणचुणीत गृहस्थ उठला, "मुख्य संगणक अडकलाय, मी शिकलोय त्यातलं," आणि भिंतीतली वायर काढून परत घालायला लागला. एकजण पडद्याला टिचक्या मारतोय, एक टेबलाखाली वाकून बघतोय. एक शहाणी मुलगी, वर्गात पहिली येणारी असणार, रीतसर हात वर करून "एक्स्क्यूज मी, सर" म्हणत व्हरांड्यात साहेबांना शोधायला गेली. अर्ध्या तासात नऊच्या नऊ उठले.

मी बसले. का बसले? आता सगळे म्हणतात, धीर. कसला धीर? खिडकीत मी याहून वाईट बसलेय. समोर शंभर माणसं ओरडतायत, गाडी का येत नाही मला माहीत नाही, कधी येणार माहीत नाही, उठायची सोय नाही, आणि चेहरा असा ठेवायचा की सगळं माहीत आहे. इथे तर ओरडायलाही कुणी नव्हतं. मला वाटलं, चला, इतका वेळ कुणी काही विचारत नाहीये. दर टिंगला बोट दाखवायचे, सिग्नल लाल म्हणायचे आणि मनातल्या मनात एकेकाला फैलावर घ्यायचे. डॉक्टरला घेतलं, नणंदबाईंना घेतलं, यंत्र आणून ठेवणाऱ्याला जरा सावकाश घेतलं.

टिंग. सिग्नल लाल.

आणि खरं काय होतं ऐका. संगणक अडकलाच होता. तो चुणचुणीत गृहस्थ बरोबर होता. बसवाला बरोबर होता. ती मुलगी तर शंभर टक्के बरोबर होती. लाल लागल्यापासून पन्नासाव्या मिनिटाला साहेब धावत आले, मागे दुरुस्तीवाला, साहेबांच्या ओठावर अजून चहाची साय, म्हणाले, "सगळ्यांची परीक्षा रद्द." आणि तेवढ्यात दारात कोण? मोठे साहेब. वर्षातून एकदा फेरी मारतात ते. त्यांनी बघितलं, नऊ उमेदवार खोलीभर हिंडतायत, एकाच्या हातात वायर, एक टेबलाखाली, आणि एक बाई समोर बोट दाखवून म्हणतेय, सिग्नल लाल. मोठे साहेब म्हणाले, "हे काय चाललंय?"

आता आपल्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा सोडून चहाला गेलो होतो असं सांगणार का ते? नाकातून आवाज आला, "सर, ही... धीराची परीक्षा. आम्ही नवीनच सुरू केली आहे. मुद्दाम लाल ठेवतो." मोठे साहेब माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "असा एक सापडला तरी पुरे." मी मान वळवली नाही. यंत्रवाल्याचं अजून संपलं नव्हतं.

बरोबर असलेले नऊ घरी गेले. चुकून बसलेली मी शिकाऊ चालक झाले. तुम्हाला सांगते, निवडीचं पत्र हातात आलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, जिन्यात भिंतीला टेकून रडले मी. पण त्या मुलीचा वर केलेला हात काही डोळ्यांपुढून जाईना.

टिंग. सिग्नल लाल.

पुढचं तर ऐकाच. मोठ्या साहेबांना ती परीक्षा इतकी आवडली की नियमात घातली. धीराची परीक्षा, पन्नास मिनिटं, प्रत्येकाला सक्तीची. तुम्ही बाकावर बसलात ते त्यामुळे. आणि चार महिने शिकून झाल्यावर साहेबांनी मला बोलावलं, "मॅडम, तुमच्या फाइलमध्ये धीराची परीक्षाच नाही." म्हटलं, "अहो साहेब, माझ्यामुळे तर ती सुरू झाली." तर म्हणाले, "हो, पण तेव्हा संगणक अडकलेला होता ना, नोंद कुठे झाली? पुन्हा द्यावी लागेल." परीक्षा नव्हती त्यात मी पास झाले, म्हणून आता परीक्षा द्या.

आता गंमत बघा. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, म्हणून बसणं जमलं. आता सगळं ठाऊक आहे. किती वाजले? पन्नास होऊन गेली? पंचावन्न? बघा, म्हणजे दिवा आतापर्यंत हिरवा व्हायला हवा होता. म्हणजे एकतर साहेबांनी वेळ वाढवली, नाहीतर हे पुन्हा अडकलंय. साहेब कुठायत? चहाला. बोलावू नका, ताई, बसा खाली. मागच्या वेळी बोलवायला गेली ती किती हुशार होती सांगितलं ना मी? उठले आणि परीक्षा चालू असली तर मी गेले. बसले आणि यंत्र बंद असलं तर मी मूर्ख. मूर्खाला पगार मिळतो, बसू द्या मला.

टिंग. सिग्नल...

अरे. हे काय झालं? पंखा पण थांबला? वीज गेली वाटतं. दिवा गेला, रूळ गेले, झाडं गेली. हो हो, कळतंय मला, पडदा काळा झालाय, मी काही आंधळी नाही, मला मोरपंखी दिसतो. उठा म्हणता? कशी उठू? तुम्ही नियमांचं पुस्तक वाचलं नाही वाटतं अजून. त्यात स्पष्ट लिहिलंय, विझलेला सिग्नल दिसला तर तो लालच समजायचा आणि जागेवरून हलायचं नाही. बसा तुम्हीही, टेका भिंतीला, टिंग आता मीच मनात मोजते.

सिग्नल लाल.

काय करणार हो, खरा लाल असता तर कधी ना कधी हिरवा तरी झाला असता.