आईच्या गच्चीवरचा कोळी

दातांच्या दवाखान्यात शिवणकामवाल्या मावशी सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी मायलेकी होत्या. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप.

"जर्नलवाल्यांनी परत का पाठवला गं तुझा लेख?"

"कुणी लिहिलाय ते ओळखू येतं म्हणून. माझं नाव सगळीकडून काढलं, पण कोळ्याची ती नवी प्रजाती सापडल्याची जागा 'आईची गच्ची' अशीच राहिली."

"ओळखलं तर बिघडलं कुठे?"

"लेख तपासणाऱ्यांना कळता कामा नये. उगाच झुकतं माप नको."

"ते कोण?"

"मलाही सांगत नाहीत. दोघं असतात, कुठल्यातरी देशांतले."

"पैसे बक्कळ घेत असतील."

"दमडी नाही."

"मग कशाला वाचतील?"

"त्यांचंही कुणीतरी असंच वाचलेलं असतं."

"ओळख ना पाळख, आणि आपल्या गच्चीवरच्या कोळ्याबद्दल शब्दन् शब्द वाचणार?"

"हो. चुकाही दाखवणार."

"कमाल आहे बाई! इथे तुझे बाबा माझं एक वाक्य पुरतं ऐकत नाहीत."

"आता 'आईची' काढलंय. नुसती गच्ची. पाठवू?"

"थांब, केस नीट करते."

"आई, तू दिसणार नाहीयेस त्यांना!"

"असू दे."

आतून मावशींना हाक आली. त्यांचा हात गालावरून कधीच खाली आला होता.

"आले हो," त्या म्हणाल्या, "आधी हिचा लेख जाऊ दे."