शहागडचा धबधबा

धबधब्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. लहानपणी आम्ही घरचे सगळे जालन्याहून जीप करून कपिलधारला गेल्तो. देवाचं दर्शन झालं, पण त्या साली पाऊसच न्हाई, त्यामुळं धबधबा कोरडा. आम्ही भावंडं रुसून बसलो.

परतताना शहागडजवळ एका विहिरीवर मोटार चालू दिसली. मंग मळेवाल्याला विचारून वडील स्वतःच आधी पाइपाखाली बसले. "बराबर धबधब्यासारखं लागून राह्यलं," म्हणत त्यांनी डोक्याला साबण चोळला, अन् लाईट गेली.

"कधी येईल?" वडिलांनी डोळे मिटूनच विचारलं.

"आता रातच्यालाच," मळेवाला म्हणाला.

आई शांतपणे म्हणाली, "देवापुढं एवढा वेळ हात जोडून उभे होता. लाईटीचं तेवढं सांगून ठेवायचं होतं."