झाकलेला माग

भंडाऱ्याच्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीबाहेर बसलो होतो. शेजारी मोहाडीचे विणकर भैय्यालाल लकव्यातून उठलेल्या उजव्या हाताने रबरी चेंडू दाबत होते. सोबत त्यांची बायको जानकीबाई होती.

“पुन्हा तोच चेंडू? डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं?”

“व्यायाम बदला म्हणून.”

“मंग बदला ना. आधी हात सुधरत होता, आता तेथंच अटकला. हातालेबी कंटाळा येते म्हणे.”

“मले नाही आला.”

“तुमाले कायले येईन? चेंडू काही तुटत नाही.”

“काय म्हणाचं आहे तुले?”

“मागावर बसा. धोटा फेकून पाहा. तोबी व्यायामच होय.”

“हात थरथरून राहिला, जानके. रेशमाचा धागा तुटला तं?”

“मी सांधून देईन.”

“तुले कधीपासून सांधता येते?”

“तुमी खाटेवर होते, तवा शेजारच्या देवकाबाईजवळ शिकली.”

“अन् मागावरची थे अर्धी साडी? आपल्या पोरानं, कुंदननं पुरी केली असन.”

“बसत होता तो. मीच नाही बसू देल्लं. ज्याच्या हातानं लागली, त्याच्याच हातानं उतरली पायजे. मी रोज मागावरची धूळ झटकतो अन् वरून लुगडं झाकतो.”

“मले सांगतलं नाही कधी.”

“तुमी मागाच्या खोलीत पायच नाही ठेवला. घर चुपचाप झालं आहे जी. खटखट आयकल्याबिगर मले दुपारी झोप लागत नाही.”

“भैय्यालाल, आत या,” नर्सनं हाक मारली.

त्यांनी चेंडू बायकोच्या पिशवीत टाकला.

“धागा लय तुटन बरं, जानके.”

“तुटू द्या. मधामधात तं खटखट होईन.”