फुमीआजींच्या पानाला कावळा शिवेना

नाही, मला एक सांगा, मेलेल्या बाईच्या घरात राहायचंय हे आधी सांगायला नको का? फोनवर किती गोड बोलली होती ती योलांदा! तिचं मोडकं जपानी, माझं त्याहून मोडकं. "सेन्योरा कल्पना, खोली स्वच्छ, हीटर चालू, आणि दोन्या फुमी आहेतच घरात, काळजी नको!" दोन्या म्हणजे त्यांच्यात बाईसाहेब; मला वाटलं, असेल कुणी म्हातारी घरमालकीण, आल्यागेल्याला चहा विचारणारी... मी आपली त्यांच्यासाठी भाकरवडी घेऊन गेले! दारातच विचारलं, "दोन्या फुमी कुठायत?" तर योलांदाने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला, "या काय! माझी आई." फोटोपुढे उदबत्ती, वाटीत भात... ठेवली भाकरवडी तिथेच, करते काय! आणि तुम्हाला सांगते, मी आपली दोन आठवड्यांसाठी गेले होते हो!

आता मुळात मी गेले कशाला, हा तुमचा प्रश्न. बरोबर आहे, प्रसन्नचाही तोच होता. प्रसन्न म्हणजे माझा नवरा. तोक्योत, हिगाशी-कसाईच्या त्या दोन खोल्यांत आमचा अख्खा संसार झाला. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार, की आम्ही चाललो पुण्याला, कायमचे! कोथरूडला फ्लॅट तयार, ओट्याच्या ट्रॉल्या मी स्वतः व्हिडिओ कॉलवर उभी राहून बसवून घेतलेल्या. किती वर्षं मी त्या ओट्याचं स्वप्न बघितलंय ते माझं मला माहीत. मग म्हटलं, या देशाचं इतकं मीठ खाल्लं, जाता जाता काहीतरी चांगलं काम करून जाऊ. तर कळलं, गुन्माच्या डोंगरात पेरूहून आलेल्या कुटुंबांचं एक गाव आहे, त्यांच्या पोरांना गणित शिकवायला कुणीतरी हवंय. सगळे स्पॅनिश बोलणारे! मला स्पॅनिश येतं का? अहो, मला जपानीसुद्धा कचऱ्याचं वर्गीकरण करण्यापुरतं येतं! पण गणित काय, बे दुणे चार सगळीकडे चारच.

आणि खोटं कशाला बोलू, दिवस छान जात होते. योलांदा जेवणाचे डबे भरायच्या फॅक्टरीतून आली की तिच्याकडे जेवण, आणि ती त्यांची पिवळी मिरची! इतक्या वर्षांत जपानात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आनंदाने! संध्याकाळी गावच्या भोंग्यावर गाणं वाजलं की पोरं घरी, मी घरी.

घरी म्हणजे फुमीआजींच्या घरी. तीच पुढची खोली म्हणजे वर्ग. आजी जन्माने पेरूच्या, वंशाने जपानी, उतारवयात इकडे फॅक्टरीत कामाला आल्या. बघतात तर काय, पोरांना शाळेत जपानी कळेना, घरी आई-बाप शिफ्टला, मग पोरं शाळा सोडून त्याच फॅक्टरीत. म्हातारीने एकेकाला धरून आणून गणिताला बसवलं. आणि या वसंतात गेली. वर्ग तसाच राहिला, आणि आजींची बसायची उशीही तशीच, भिंतीशी, रिकामी.

रिकामी मी म्हणते हं! पोरं काही म्हणत नव्हती. मी विचारायचे, "सात आठे?" पोरं छप्पन्न म्हणायची, पण माझ्याकडे बघून नाही... त्या उशीकडे बघून! आणि मग गप्प बसायची, तिकडून बरोबर-चूक कळेपर्यंत! एकदा मी फळ्यावर आपल्या पद्धतीने भागाकार मांडला. मिलाग्रोस म्हणून एक एवढीशी चिमुरडी, ती उशीकडे वळली, मान हलवली, आणि मला म्हणाली, "सेन्योरा, त्या म्हणतात असा नाही." तुम्हाला सांगते, माझ्या हातातला खडू खाली! पुसला भागाकार. मेलेल्या बाईशी कोण वाद घालणार?

आणि चपलांचं तर विचारूच नका. जपानात आपण आत येताना चपला दाराकडे तोंड करून ठेवतो ना, जाताना पाय घातला की चालायला लागायचं? मी रोज तशाच ठेवायचे. आणि रोज सकाळी त्यांची तोंडं आत! घरात माझ्याशिवाय कुणी नाही, दाराला आतून कडी... आणि चपला मात्र आत बघतायत! मी योलांदाला सांगितलं तर ती भात वाढता वाढता म्हणते, "हो, ती आईची सवय. पाहुण्यांच्या चपला फिरवून ठेवायची. इथे येतो तो प्रत्येक जण निघून जातो ना, तिला आवडायचं नाही." आईची सवय म्हणे! आई कुठाय? सोडून जावं असं दहादा वाटलं, पण पोरं आठाच्या पाढ्यावर होती, पाढा अर्धा कसा टाकायचा? आणि मी आपली दोन आठवड्यांसाठी गेले होते हो!

मग दोन आठवडे संपता संपता आला नोव्हेंबर. त्यांच्यात तेव्हा मेलेल्यांसाठी टेबल मांडतात. गेलेलं माणूस त्या दिवशी जेवायला येतं. फोटो, मेणबत्त्या, बाळाच्या आकाराचा पाव, आजींच्या आवडीचं सगळं. योलांदा कौतुकाने विचारते, "तुमच्याकडे काय करतात?" इथे गप्प बसायचं की नाही? पण नाही! मी पदर खोचला. म्हटलं, आमच्याकडे पान वाढतात, खीर, वडे, वरणभात, आणि ते कावळ्याने शिवावं लागतं, शिवला की समजायचं माणूस तृप्त झालं. मांडलं पान अंगणात. अख्खं गाव जमलं बघायला. कावळ्यांना काय तोटा? जपानचे कावळे ते, कोंबड्याएवढे, कचऱ्याची जाळी फाडून माशांची डोकी पळवणारे! तारेवर रांग लागली होती.

आणि एक... एकही... खाली येईना!

वडे गार झाले. योलांदाचा चेहरा उतरला. "आई रागावलीय का?" काय सांगू तिला? म्हटलं, कधीकधी माणसाची इच्छा राहिलेली असते, घरच्यांनी शब्द द्यायचा, मग शिवतो. योलांदा म्हणाली, "आई, मी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन." नाही. तिचा भाऊ पुढे आला, "मी दारू सोडतो." कावळ्याने त्याच्याकडे सरळ पाठ फिरवली! म्हातारी मुलाला ओळखून होती. कुणी थडगं धुतो म्हणालं, कुणी चर्चला जातो... तारेवर सगळे ढिम्म. योलांदा रडायला लागली हो. आणि पोरं? पोरं सगळी वळून माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा, उशी सोडून माझ्याकडे!

मला राहवलं नाही. हात जोडले, आणि कुणाला कळू नये म्हणून मराठीत, अगदी हळू, म्हटलं, "आजी, शिवा आता. तुमच्या वर्गाचं मी बघते."

'बघते'मधला 'ते' तोंडातच होता, फडफडाट झाला आणि अख्खा वडा गेला! सगळ्या गावाने टाळ्या पिटल्या. योलांदा गळ्यात पडली, "काय म्हणालात? काय म्हणालात?" म्हटलं, श्लोक म्हटला एक. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघाले, तर चपला दाराकडे तोंड करून, नीट जोडून ठेवलेल्या. म्हणजे विश्वास बसला होता म्हातारीचा, की ही परत येणार! तोक्योला गेले ती प्रसन्नला सगळं सांगायलाच.

प्रसन्न म्हणाला, "अगं, मराठीत बोललीस, कुणाला कळलंय?" मला कळलंय ना! कावळ्याला कळलंय! मार्चमध्ये तो पुण्याला गेला. माझ्या ओट्यावर आता तो मॅगी करतो, आणि व्हिडिओ कॉलवर मला ट्रॉल्या उघडून दाखवतो. मी इथे, आजींच्या घरात, भागाकार म्हातारीच्या पद्धतीने. रोज वाटतं उठावं आणि जावं. पण मिलाग्रोस आता अपूर्णांकांवर आलीय.

म्हणून मुलाला बजावलं. आदित्य तोक्योत कॉलेजात आहे, आम्ही मराठीत बोलतो आणि तो जपानीत उत्तरं देतो. म्हटलं, "हे बघ, मी गेल्यावर माझं पान वाढशील. कावळा नाही शिवला तर नाही शिवला. दर्भाचा कावळा कर, तो लावून मोकळा हो, पण शब्द देऊ नकोस कुणाला!" तर विचारतो, "पण तुझी इच्छा काय राहिलेली असेल?" आणि तुम्हाला सांगते, मला वाटलं मी पुणं म्हणेन, ओटा म्हणेन... तोंडातून निघालं, "माझ्यामागे त्या वर्गाचं कोण बघणार रे?"

मग स्वच्छ मराठीत म्हणाला, "आई, दर्भ ऑनलाइन मिळतो का?"