एक नको, पुष्कळ आण

— अहो साहेब, उभे का? बसा ना, खुर्ची एकच आहे पण बसा. ती सिमेंटच्या गोणीची पिशवी ठेवा खाली, कुणाचं तरी दप्तर असेल, या पोरांना खुर्ची दिसली की तिच्यावर ओझं टाकायचं एवढंच कळतं. चहा होतोच आहे. तर काय सांगत होते? हां — तुमची गाडी वळणावर दिसली तेव्हा पोरं माळावर होती, मी शिट्टी मारून आत घेतली, ते तुम्ही पाहिलंत. तुम्हाला वाटलं असणार, मुलाणीबाई पोरं रानात सोडून मोबाईल बघत बसतात. वाटलंच असणार, मला तोंडावरून कळतं. अहो, पाठ चालू होता! एकवचन-अनेकवचन. फळ्यावर झाड-झाडे लिहिलं की ही पोपटासारखी म्हणतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. म्हणून मी बाहेर सोडते — जा, एक वस्तू आणा आणि तीच पुष्कळ आणा. एक काठी, पुष्कळ काठ्या. हाताला वजन लागलं की डोक्यात बसतं. हा देवू बघा, दुसरीतला. गेल्या वर्षी ओंजळीत पाणी घेऊन आला, म्हणे, ‘बाई, ह्ये एक पानी.’ म्हटलं, आणि पुष्कळ कुठाय? तर खाली धरणाकडं बोट केलं — ‘त्ये तितं हाय की, आणू कसं?’ — किमया, खाली बस. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही.

हजेरी? ही घ्या. पट दहा, आज सगळे हजर. मोजा, खुशाल मोजा... नऊ? हो, नऊच, एक जरा बाहेर गेलीय, लघवीला. साखर किती घालू, साहेब? — असं बघू नका हो. बरं, सांगते. तुम्ही या भागात नवीन, आज ना उद्या कुणीतरी कानावर घालणारच, मग माझ्याच तोंडून ऐका. लघवीला वगैरे कुणी गेलेलं नाही, ते आपलं सवयीनं तोंडातून येतं. साहेब कुणीही आले, नऊ म्हणाले, की माझं उत्तर तयार. त्याचं काय झालं, दिवाळीनंतर प्रियंकाचं अख्खं घर मुकादमाच्या टेम्पोत बसून वीटभट्टीवर गेलं. तिच्यासारख्या पोरी तिकडं भावंडं सांभाळतात, विटा उलटतात. आणि मी इकडं रोज तिच्या नावापुढं ‘ह’ लिहिते. चार महिने झाले. गुन्हा म्हणा, मी नाही म्हणत नाही. पण दहाच्या खाली पट गेला की ही शाळा खालच्या गावच्या शाळेत मिळवणार अशी कुणकुण आहे — खरं-खोटं तुम्हालाच ठाऊक. खालचं गाव पाच किलोमीटर, मधे नुसतं जंगल. कोण पाठवणार पोरींना? चार पोरी आहेत माझ्या, चारही शेळ्यांमागं जातील. म्हणून मांजर डोळे मिटून दूध पितं तसं चाललंय आमचं. आता तर इतकं अंगवळणी पडलंय, नऊ डोकी मोजली की मनात आपोआप येतं — झाले सगळे. — किमया! एकदा सांगितलं ना? आणि रडायला काय झालं? साहेब काय खातात होय तुला? आज बघा कशी गपगार बसलीत, एरवी छप्पर डोक्यावर घेतात.

पण साहेब, आजची हजेरी खरी आहे हां. अगदी शपथेवर. आली ना प्रियंका! परवा तिच्या बापाचं मुकादमाशी वाजलं, बिऱ्हाड उचलून परत आले, आणि आज सकाळी प्रार्थना उरकल्यावर आजीनं, कृष्णाबाईनं, हाताला धरून दारात आणून सोडली. ‘बाई, पोरगी लई वाळलीया, पर साळा न्हाई इसरली.’ काय सांगू, डोळे भरून आले माझे. चार महिन्यांत पहिल्यांदा ‘ह’ लिहिताना बरं वाटलं. बुजलेली होती बिचारी. बाकीची सगळी पळाली वस्तू आणायला, ही टेबलाशी उभी. मी तुमचीच ती ऑनलाइन माहिती भरत होते, रेंज येते-जाते, जीव नुसता मेटाकुटीला. म्हणाली, ‘बाई, मी शिंपलं आणू?’ मी मान वर न करता म्हटलं, आण की. एक नको, पुष्कळ आण. — किमया, आता मात्र मार खाशील. — घाबरू नका, साहेब, पोरं धरणाकडं जात नाहीत. आता पाणी उतरलंय, काठाला सगळा गाळ. वरून वाळून तडकलेला दिसतो, पाय ठेवला की माणूस कमरेपर्यंत आत. संक्रांतीला एक म्हैस गेली, चौघांनी ओढली तरी निघाली नाही. तेव्हापासून नियमच केलाय, माळाच्या टोकाला पिंपळ आहे, त्या पिंपळाच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. रोज प्रार्थनेनंतर म्हणून घेते. एकाला विचारा, पाठ आहे सगळ्यांना. संक्रांतीपासून रोज —

संक्रांतीला प्रियंका भट्टीवर होती.

थांबा हं. — प्रियंका? — देवू, सरक जरा. मागं कोण आहे? — साहेब, तुम्ही नऊ म्हणालात. शिट्टी मारल्यावर मीही मोजली. नऊ झाली, म्हटलं, बसा. नऊ म्हणजे सगळे, हेच डोक्यात... ती पिशवी इकडं द्या. द्या ती पिशवी! ही सकाळी कृष्णाबाईच्या हातात होती. — किमया, ये बाळा, नाही मारत. मघापासून काय सांगत होतीस? रडू नको, बोल. ... कुठं? ... पिंपळाच्या किती पुढं? ... कमरेपर्यंत? ... हाका मारत होती? आणि तू आलीस निघून. शिट्टी झाली म्हणून आलीस. शिट्टी झाली की पळत यायचं, मीच शिकवलंय. या अल्ला, आणि मी हिला तीनदा गप्प केलं. पाव तास झाला असेल. चहा करत बसले मी.

साहेब, ठेवा तो चहा. ठेवा ती हजेरी. बाहेर झेंड्याच्या खांबाला दोर आहे, तो सोडा. पोरांनो, कुणी जागचं हलायचं नाही. — अहो, बघताय काय? उठा!