गिरणीच्या घरघरीतलं गाणं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक आणि डेअरीचे चेअरमन, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या गिरणीवाल्या मावशी, आणि त्यांनी दळलेल्या पिठावर वाढलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माइक माझ्याच दुकानाचा आहे, पण त्याचा गैरफायदा घेणार नाही. मावशी उद्या लेकीकडे राहायला निघाल्या आणि गिरणी बंद होतेय. आधीचे वक्ते त्यांच्या पिठाबद्दल बोलले. मी गाण्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गिरणीत कसलं आलंय गाणं?

मी शाळेत असताना ट्रकवर काम करणाऱ्या मामेभावानं मला एक कॅसेट आणून दिली होती. हेवी मेटल, म्हणजे इंग्रजी आरडाओरड्याचं संगीत. शब्द एक कळत नव्हता, पण छातीतलं कुठलंतरी दार कुणी लाथेनं उघडावं तसं झालं. घरी वाजवली, तर गायीनं पान्हा चोरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोराला डॉक्टरला दाखवा. वडिलांनी बजावलं, पुन्हा वाजलं तर टेप विहिरीत जाईल. वडील म्हणाले की करायचेच.

मग एवढा कल्ला करायला गावात जागा कोणती? जिथं आधीच कल्ला आहे ती. मी दळण आणि टेप घेऊन गिरणीत जायला लागलो. मावशी म्हणाल्या, वाजव बापडा, मला इथं माझाच आवाज ऐकू येत नाही.

मंडळी, ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप यायची, तीत पीठ तरंगत राहायचं, खाली बसायचं विसरून गेल्यासारखं. पट्टा सपसप फिरायचा. मोटारीची एकसुरी घरघर जमिनीतून तळपायात चढायची आणि तिच्यावर ती गिटार, नदीवरून ढग जावेत तशी. मी गव्हाच्या पोत्याला टेकून अर्धवट झोपेत कुठल्या कुठे जायचो. जाताना शर्ट काळा, येताना पांढरा.

एके दिवशी वीज गेली. गिरणी धापा टाकत थांबली. टेप मात्र सेलवरचा, तो थांबेना. त्या शांततेत गायक असा काही किंचाळला की रांगेतल्या बायका दचकल्या. आणि दारात पोतं घेऊन वडील उभे.

"हे कुणाचं?"

मी टेपकडे हात नेला, तो मावशींनी अडवला. "माझं आहे, भाऊ. विहिरीत टाकायचं तर मला विचारून टाका."

 वडील पोतं टेकवून त्यावरच बसले. वीज येईना, गाणं संपेना. शेवटी त्यांनी विचारलं, "हा माणूस रडतोय का भांडतोय?"

"दोन्ही," मावशी म्हणाल्या. "बैल अडला की तुम्ही काय करता?"

बायका पदराआड हसल्या. वडिलांनी मान फिरवली, पण कान माझे तिखट आहेत, तेही हसले ते मी ऐकलं. घरी जाताना पुढं चालता चालता म्हणाले, "घरीच वाजवत जा. दार लोटून घे."

जिंकलो ना मी? दार लोटलं, टेप लावला. आणि ते गाणं इतकंसं वाटलं, थंडीत उघड्यावर उभं राहिल्यासारखं. त्याच्या पायाखालची घरघरच नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरणीत गेलो. मावशींनी काही न विचारता फळीवरचा डबा सरकवून टेपला जागा केली.

पुढं मी आवाजाचाच धंदा केला. माणसाएवढे स्पीकर आणले. त्यांच्यावर सगळं ऐकू येतं, फक्त ते गिरणीतलं गाणं येत नाही.

काल दुपारी कॅसेट घेऊन गिरणीत गेलो. दळायला दाणा नव्हता. रिकामी गिरणी फिरवली की दगड दगडाला खातो, म्हणून मावशींनी जन्मभर कुणाला ती रिकामी फिरवू दिली नाही. काल त्यांनी स्वतः बटण दाबलं. मी म्हटलं, मावशी, दगड जातील.

म्हणाल्या, "आता कुणासाठी जपायचे? लाव तुझं."

मावशी, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द अपुरे आहेत. मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचाही ऋणी आहे. काही जास्तीचं बोललो असेन, कुठं आवाज चढला असेल, तर पोटात घाला. गिरणीत वाढलेला माणूस हळू बोलायला शिकत नाही.