पत्नीच्या जागी सुपारी

माझा जन्म उरणचा. वडील तिथल्या देवीचे पुजारी, दारापुढे समुद्र आणि घरात मंत्रपाठ, एवढ्यातच बालपण सरले. पुढे पाठशाळा, मग लग्न, आणि सुमतीला घेऊन पनवेलला आलो तो इथलाच झालो. विचुंब्याकडे, खारघरकडे भातशेती होती तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि काय सांगू तुम्हा दोघांना, माझे आयुष्य लोकांच्या वास्तुशांती करण्यातच गेले. प्रत्येक घरी संकल्पाच्या वेळी मी म्हणायचो, वहिनी, यजमानांच्या हाताला उजवा हात लावा. पत्नीचा हात लागला म्हणजे पुण्य दोघांचे. एखादी म्हणायची, लावते गुरुजी, पण संध्याकाळची भांडी हे घासणार असतील तर, आणि सगळे हसायचे.

विचुंब्याला एका घरी मात्र यजमान एकटेच पाटावर येऊन बसले. त्यांची आई हळूच म्हणाली, सून गेली हो आमची, हे घर तिनंच पसंत केलं होतं. अशा वेळी शास्त्रात सोय आहे. पत्नीच्या जागी सुपारी कमरेला खोचून बसायचे. मी सुपारी दिली. पूजा आटोपल्यावर त्यांनी विचारले, गुरुजी, हिचं आता काय करू? मी म्हणालो, पाण्यात विसर्जन करा. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

गेल्या वर्षी सुमतीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हाताला संवेदना परत येईल का, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. जुने यजमान फोन करतात, गुरुजी, पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल. मी बरे म्हणतो. खरे सांगायचे तर आत काही हलत नाही, ना दुःख, ना आशा. पहाटे उठतो, स्नान, संध्या, देवपूजा, गंध उगाळतो, हात आपले चालत राहतात. लोक याला श्रद्धा म्हणतात. असेल.

आश्विनात घट बसवायचे होते. मुलगा अभय खारघरहून आला. म्हणाला, बाबा, आईची ओढाताण नको, सुपारी लावून बसा, तुम्हीच नाही का लोकांना सांगत? तो चुकीचे बोलत नव्हता, पत्नी आजारी असली तरी ही सोय आहेच. मी सुपारी हातात घेतली, आणि काय सांगू, ती कमरेपर्यंत जाईना. त्या विचुंब्याच्या माणसाने खोचली, त्याची गेली होती. माझी आतल्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडली होती. आज एकदा खोचली की पुढच्या प्रत्येक पूजेला माझ्या शेजारी सुपारीच बसणार, हे मला दिसत होते.

सुमतीची शुश्रूषा करायला रंजना येते, उरणच्या कोळीवाड्यातली. ती दारातून म्हणाली, गुरुजी, आय घरानच हाय ना? मंग देवीलाच न्या की तिच्यापाशी, देवीला काय पाय नाय? अभय हसला. मीही हसलो असेन.

पाट पलंगाला लावून मांडला. तळहातावर पाणी घेतले आणि सवयीने म्हणालो, हाताला हात लाव. तिचा हात अभय उचलून ठेवणार होता. तो वाकण्याआधीच सुमतीने डाव्या हाताने स्वतःचे उजवे मनगट धरले, ओढत ओढत पलंगाच्या कडेपर्यंत आणले, माझ्या दंडावर ठेवले, आणि डावा हात मागे घेतला. पूजेत डावा हात लागू नये, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक. तो निर्जीव हात घसरू नये म्हणून मी अंग हलवले नाही.

चमत्कार वगैरे नाही. तिच्या हाताला काही कळले नाही, आणि मला कळले ते त्याचे वजन तेवढे. मी संकल्पाचे पाणी सोडले. ती सुपारी विड्यावर मांडून गणपती म्हणून पूजली.

मन अजून तसेच बधिर आहे. पण आता देव तिच्याच खोलीत असतात. नित्यपूजेला हात लागावा असा नियम नाही, तरी मी रोज म्हणतो, हाताला हात लाव, आणि थांबतो. कधी तिला वेळ लागतो, तळहातावरचे पाणी गळून जाते. मी पुन्हा घेतो.

आता उठतो, नैवेद्याची वेळ झाली. देव तुम्हा उभयतांना एका पाटावर बसवो.